नर्सिंगला जायचंय? मग प्रवेश अर्जापासून सुरुवात करू नका

निकाल लागतो, कुणीतरी म्हणतं "नर्सिंगला नोकरी लगेच लागते", जवळचं कॉलेज बघितलं जातं, फी भरली जाते. वॉर्डात पहिलं पाऊल पडतं ते त्यानंतर. कॉलेजला मान्यता आहे का, हा प्रश्न दुसऱ्या वर्षी सुचतो. परवाना कुठे आणि कसा मिळतो, याची चौकशी तर शेवटची परीक्षा झाल्यावर. मी वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवते, आणि हा क्रम इतक्या वेळा पाहिलाय की आता कुणी सल्ला विचारायला आलं की मी थेट सांगते: सगळं उलटं करा. आधी काम पाहा, मग स्वतःला तपासा, मग परवाना कुठला हवा ते ठरवा. कोर्स आणि कॉलेज त्यानंतर, आणि फी सगळ्यात शेवटी.

या तयारीला प्रवेशाआधी सहा ते आठ महिने हवेत. सहा महिन्यांचं कारण पाचव्या टप्प्यात येईल.

टप्पा १ : काम प्रत्यक्ष पाहा, तेही दोन पाळ्यांत

"आजी आजारी होती तेव्हा सहा महिने मीच सगळं केलं, मला जमेल." हे वाक्य मला दर वर्षी ऐकायला मिळतं. आजीची सेवा खरी असते, पण ती एका माणसाची, ओळखीच्या माणसाची आणि आपल्या घरातली असते. वॉर्डात एका नर्सकडे सहा, आठ, काही ठिकाणी त्याहून बरेच जास्त पेशंट असतात. त्यातला एखादा शिव्या देत असतो, एकाचे नातेवाईक मोबाईलवर शूटिंग करत असतात आणि एकाला आत्ता, याच मिनिटाला बेडपॅन हवं असतं.

म्हणून रुग्णालय, वृद्धाश्रम किंवा शेवटच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, यांपैकी एका ठिकाणी स्वयंसेवक किंवा निरीक्षक म्हणून परवानगी मागा. लेखी मागा. आठवड्यातून एकदा असे सहा-आठ आठवडे जायला मिळालं तर उत्तम. निदान एक सकाळ आणि एक रात्र तरी पाहाच. सकाळचा वॉर्ड आणि पहाटे चारचा वॉर्ड ही दोन वेगळी गावं आहेत.

पाहायची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पाळी बदलतानाचा हँडओव्हर. ऐकताना तो असा वाटतो: "सात नंबर, ऑपरेशनचा दुसरा दिवस, ड्रेन ८० मिली, ताप नाही, लघवी दोन तासांत फक्त ३०, दहाला डॉक्टरांना कळवलंय, अजून आलेले नाहीत." नवख्याला हे आकडे वाटतात. अनुभवी सिस्टर 'लघवी फक्त ३०' ऐकताच थांबते. सात नंबरचं वजन साधारण ६० किलो आहे. मोठ्या माणसाला तासाला किलोमागे निदान अर्धा मिली लघवी व्हायला हवी, म्हणजे दोन तासांत ६०. इथे निम्मीच आहे. ती उठून पलंगापाशी जाते, कॅथेटरची नळी कुठे दुमडलीय का बघते, पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली लटकलीय ना बघते, पोटावर हात ठेवते, रक्तदाब घेते आणि मग पुन्हा फोन करते. नर्सिंग म्हणजे काय, याचं उत्तर त्या चार मिनिटांत असतं. इंजेक्शन देणं त्यामानाने सोपं.

सावधान: पाहायला गेलात की पेशंटचं नाव, फोटो, आजार यांतलं काहीही बाहेर बोलायचं नाही. मैत्रिणीलाही नाही, स्टेटसवर तर नाहीच.

तपासणी: घरी आल्यावर दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. आज कोणतं काम पाहताना वेळेचं भान राहिलं नाही? कोणत्या क्षणी तिथून निघून जावंसं वाटलं? सगळ्या भेटींनंतर पहिल्या प्रश्नापुढे कोरंच राहिलं असेल, तर इथेच थांबलात तरी काही बिघडत नाही. प्रयोगशाळा, रेडिओलॉजी, फार्मसी, वैद्यकीय नोंदी अशी रुग्णालयातली बरीच कामं पलंगापासून लांबची आहेत.

टप्पा २ : शरीराची आणि झोपेची प्रामाणिक तपासणी

रक्त पाहून चक्कर येते, म्हणून नर्सिंग सोडणारे बरेच भेटतात. ते कारण बहुधा पुरेसं नसतं. अशी चक्कर रक्तदाब एकदम खाली आल्यामुळे येते, आणि त्यावर साधा उपाय आहे. हात, मांड्या आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळायचे, मग २०-३० सेकंद सैल सोडायचे, असं चार-पाच वेळा. घरी सराव करा. उपाशीपोटी ड्रेसिंग पाहायला जाऊ नका आणि गुडघे ताठ करून उभे राहू नका. तरीही डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच जमिनीवर बसा. लाजेपोटी बाहेर पळायला गेलेले दारात पडतात आणि डोकं फोडून घेतात. ही भीती सरावाने बहुतेकांची जाते. वासाचंही तसंच.

लोक ज्याच्याकडे दुर्लक्ष करतात, त्या गोष्टी वेगळ्याच आहेत:

- पाठ. स्लिप डिस्कचा किंवा जुन्या कंबरदुखीचा त्रास असेल तर प्रवेशाआधी डॉक्टरांशी बोला. पेशंट वळवणं-सरकवणं हे रोजचं काम आहे.
- हातांची त्वचा. एका पाळीत हात कित्येक वेळा धुवावे लागतात. एक्झिमा किंवा लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. लॅटेक्सविरहित हातमोजे मिळतात, पण न सांगता कुणी ते आणून ठेवत नाही.
- झोप. सलग तीन दिवस रात्री जागून दिवसा झोपायचा प्रयोग सुट्टीत करून पाहा. मायग्रेन किंवा फिट्सचा त्रास असणाऱ्यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये, डॉक्टरांना विचारावं. जागरणाने दोन्ही बळावतात.
- रंग ओळखणं. ड्रेसिंगवरचा स्राव, लघवीचा रंग, तपासणीच्या पट्ट्या, सगळीकडे रंग वाचावा लागतो. डोळ्यांची तपासणी स्वस्तातलं काम आहे, करून टाका.

यातलं काही निघालं म्हणजे दार बंद झालं असं नाही. पण वैद्यकीय तपासणीत लपवलेली गोष्ट पुढे उघडी पडते, तेव्हा आजारापेक्षा लपवाछपवीच महागात जाते.

टप्पा ३ : आधी परवाना ठरवा, मग कोर्स

सगळ्यात महागडी चूक याच टप्प्यावर होते. नर्स म्हणून काम करायचा हक्क पदवी देत नाही, नोंदणी देते. प्रत्येक देशात, काही देशांत राज्यागणिक, नोंदणी करणारी परिषद किंवा मंडळ असतं. नोंदणीचे स्तरही वेगवेगळे असतात. सहायक स्तराचा कोर्स करून 'रजिस्टर्ड नर्स'च्या जागेसाठी अर्ज केला, तर तो वाचलाही जात नाही.

उदाहरणंच घ्या. भारतात एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) हा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीची पदविका) तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. नावं एका ओळीत घेतली जातात, पण नोंदणी आणि बढतीच्या वाटा वेगळ्या. युरोपीय संघात सर्वसाधारण नर्सच्या शिक्षणाला किमान तीन वर्षं आणि ४,६०० तास लागतात, त्यातले निदान निम्मे तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे. अमेरिकेत कोर्सनंतर एनक्लेक्स ही परवाना परीक्षा असते. ब्रिटनमध्ये बाहेरून शिकून आलेल्यांना संगणकावरची लेखी परीक्षा आणि मग प्रात्यक्षिक परीक्षा, अशा दोन पायऱ्या चढाव्या लागतात.

आता करायचं असं:

१. पुढची दहा वर्षं कुठे काम करायची इच्छा आहे, ते ढोबळ ठरवा. नक्की नसेल तर दोन ठिकाणं लिहा.

२. त्या प्रत्येक ठिकाणच्या परिषदेच्या संकेतस्थळावर जाऊन नोंदणीच्या अटी वाचा. एजंटची माहितीपत्रिका इथे चालत नाही.

३. तीन गोष्टी टिपून ठेवा: किती वर्षांचं शिक्षण, रुग्णसेवेचे किती तास, कोणत्या विषयांचे तास वेगळे मागितलेत. बालरोग, प्रसूती आणि मानसिक आरोग्य यांचे तास कमी पडल्याने अडकलेले अर्ज मी पाहिलेत. कोर्स संपल्यावर ते भरून काढणं फार जिकिरीचं.

४. आता त्या अटी पुऱ्या करणारा कोर्स शोधा.

सावधान: परदेशाचा विचार आहे म्हणून पहिल्याच वर्षी इंग्रजीची परीक्षा देऊन टाकू नका. आयईएलटीएसचे गुण साधारणपणे दोन वर्षंच ग्राह्य धरतात. भाषा आत्तापासून शिका, परीक्षा वेळ आल्यावर द्या.

टप्पा ४ : कॉलेज म्हणजे इमारत नव्हे, त्याचं रुग्णालय

माहितीपत्रिकेत ग्रंथालय असतं, बस असते, हसरे चेहरे असतात. तुम्ही विचारा ते रुग्णालयाबद्दल.

मान्यता पहिली. ती कॉलेजकडून ऐकायची नाही, परिषदेच्या यादीत पाहायची. यादीत तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: कॉलेजचं पूर्ण नाव, तोच कोर्स आणि तेच शैक्षणिक वर्ष. एका कोर्सची मान्यता दाखवून दुसऱ्याला प्रवेश देणारे असतात. मान्यता दोन वर्षांपूर्वी संपलेली असू शकते. 'प्रस्ताव पाठवलाय, लवकरच येईल' याचा अर्थ 'आज नाही' एवढाच घ्या. मंजूर जागा किती आहेत तेही बघा, कारण त्यापेक्षा जास्त भरलेल्या विद्यार्थ्यांचीच नोंदणी पुढे अडते.

मग शक्य असेल तर वॉर्डात जा आणि विचारा:

- रुग्णालय कॉलेजचं स्वतःचं आहे की करारावरचं? किती लांब?
- पलंग किती, आणि त्यातले आज भरलेले किती? पलंगांचा आकडा मोठा असतो आणि वॉर्ड रिकामे, असंही असतं. रिकाम्या पलंगावर चादर घालायला शिकता येतं, बस.
- प्रसूती, बालरोग, अतिदक्षता, मनोरुग्ण विभाग इथेच आहेत का?
- वॉर्डात एका शिक्षिकेमागे किती विद्यार्थी?
- विद्यार्थ्यांना कामगार म्हणून वापरतात का? हे कॉलेजला विचारून उपयोग नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गेटबाहेर गाठा. दहा मिनिटांत सगळं कळतं.

पैशांबद्दल एकच: फीचं पूर्ण पत्रक लेखी मागा, गणवेश, वसतिगृह, परीक्षा, प्रवास आणि लॉगबुक (वॉर्डात केलेल्या कामाची नोंदवही) धरून. शिकून झाल्यावर तिथेच काही वर्षं नोकरी करायचा करार असेल, तर तो मोडल्यास काय भरावं लागेल ते वाचल्याशिवाय सही नको. मूळ कागदपत्रं पडताळणीला दाखवा आणि परत घ्या. ठेवून घ्यायचा आग्रह धरला तर कुठल्या नियमाखाली, हे लेखी मागा. आग्रह बऱ्याचदा तिथेच विरघळतो.

तपासणी: परिषदेच्या यादीचं पान तारखेसह छापून फाईलला लावलंय का? नसेल तर पुढचा टप्पा नाही.

टप्पा ५ : कागद आणि लसी

कागदांत एकच गोष्ट जीव खाते, ती म्हणजे नाव. शाळेचा दाखला, गुणपत्रिका, ओळखपत्र, पासपोर्ट या सगळ्यांवर एकच स्पेलिंग, एकच क्रम, एकच जन्मतारीख. फरक असेल तर आत्ता दुरुस्त करा. नोंदणीच्या वेळी तो निघाला तर परवाना महिनोन्‌महिने लांबतो, आणि ठरलेली नोकरी तोवर थांबत नाही.

लसींचं गणित असं. हिपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्ततपासणी करून प्रतिपिंडांची पातळी १० किंवा त्याहून जास्त आहे ना, ते बघतात. काही जणांत ती येत नाही आणि डोस पुन्हा घ्यावे लागतात. म्हणून वॉर्डात पाऊल ठेवायच्या आधी सहा-आठ महिने सुरुवात करायची. लहानपणी लस झाली असेल तर कार्ड शोधा. कार्ड नसेल तर डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्या. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांच्या नोंदीही मागितल्या जातात.

एक बारीक गोष्ट, जी बऱ्याच जणांचा महिना खाते: गोवराची लस आणि क्षयाची त्वचेवरची चाचणी दोन्ही करायच्या असतील तर एकाच दिवशी करा, किंवा आधी चाचणी करून घ्या. लस आधी घेतली तर चाचणीसाठी चार आठवडे थांबावं लागतं, नाहीतर निकाल फसवा येऊ शकतो. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर गोवर आणि कांजिण्यांच्या लसी घेऊ नयेत. डॉक्टरांना आधी सांगा.

टप्पा ६ : कोर्स सुरू होण्याआधी दोन विषय

पहिला शरीररचना. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड आणि पचनसंस्था एवढी चार जरी आधी वाचलीत तरी पहिलं सत्र अंगावर येत नाही. पाठांतर नको. रक्ताचा एक थेंब उजव्या कर्णिकेतून निघून परत तिथे येईपर्यंत कुठून कुठे गेला, हे न बघता सांगता आलं की पुरे.

दुसरा अंकगणित, आणि त्यावर मी अडून बसते. सलाईनचं साधं गणित घ्या: १,००० मिली ८ तासांत द्यायचंय, सेटमधून १ मिलीला २० थेंब पडतात. मिनिटाला किती थेंब?

एकूण थेंब: १,००० × २० = २०,०००
एकूण मिनिटं: ८ × ६० = ४८०
२०,००० ÷ ४८० = ४१.६७, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब.

उत्तर आलं म्हणून गणित संपत नाही. उलट तपासा: ४२ थेंब म्हणजे मिनिटाला साधारण २ मिली, तासाला साधारण १२५, आठ तासांत १,०००. जुळलं. लहान मुलांच्या सेटमधून १ मिलीला ६० थेंब पडतात. सेट बदलला आणि आकडा तोच ठेवला तर तिप्पट वेळ लागेल. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक असतो. दशांश चिन्हाआधी शून्य लिहायची सवय आत्ताच लावा: .५ नाही, ०.५. पुसट टिंब दिसलं नाही तर ते ५ होतं.

रोज पाच गणितं, महिनाभर. कॅल्क्युलेटर शेवटी, फक्त पडताळायला.

टप्पा ७ : वॉर्डातले पहिले तीन महिने

पहिली चूक श्वासाची. कुठल्याही वॉर्डातला विद्यार्थ्यांनी भरलेला तक्ता काढा, सगळ्यांचे श्वास २० लिहिलेले सापडतील. कुणी मोजलेलेच नसतात. मोजतोय हे कळलं की माणूस श्वास बदलतो, म्हणून नाडी मोजून झाल्यावर बोटं मनगटावरच राहू द्या, नजर छातीवर न्या आणि पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसात १२ ते २० हे नेहमीचं. २० चे २६ झाले तर पेशंट बिघडायला लागल्याची ती बहुतेक वेळा पहिली खूण असते. सगळीकडे २० लिहिणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

दुसरी चूक, काम करण्याआधी नोंद. 'देणारच आहे ना आता गोळी' म्हणून सही होते, तेवढ्यात पेशंट एक्स-रेला जातो. आधी द्या, मग लिहा. चूक झाली तर एक रेघ मारा, सही करा आणि बरोबर लिहा. खोडरबर, व्हाइटनर अजिबात नाही.

तिसरी, हात. अल्कोहोल जेलने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. घड्याळ लावून एकदा करून पाहा. आपण रोज किती घाई करतो ते कळतं.

सावधान: वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका आणि त्याच क्षणी शिक्षिकेला सांगा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकी चांगली, आणि ७२ तासांनंतर ती सुरू करत नाहीत. ओरडा बसेल म्हणून दोन दिवस गप्प राहिलेली एक मुलगी माझ्या हाताखाली होती. ती निगेटिव्ह राहिली, पण ते दोन दिवस तिनेही विसरू नयेत आणि मीही.

सहा महिन्यांनी टप्पा १ मधले दोन प्रश्न परत लिहा आणि जुन्या उत्तरांशेजारी ठेवा. सोडायचं असेल तर ते याच सुमारास ठरवा. शेवटच्या वर्षी सोडणं फार महाग पडतं.

टप्पा ८ : परीक्षा संपल्यावर

कॉलेज सोडण्याआधी चार गोष्टी हातात घ्या: प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका, विषयवार तासांचा सही-शिक्क्याचा दाखला, पूर्ण भरलेलं लॉगबुक आणि अभ्यासक्रमाची प्रत. पाच वर्षांनी परदेशी परिषद नेमकं हेच मागते, आणि तोवर कॉलेजातला ओळखीचा कारकून निवृत्त झालेला असतो.

नोंदणीचा अर्ज लगेच करा. नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत 'तोवर सुरू कर, बघू नंतर' अशी नोकरी स्वीकारू नका. काही चुकलं तर तुमच्या पाठीशी कायदा नसतो.

पहिली नोकरी पगारावरून निवडू नका, असं मी म्हणणार नाही. घर चालवायचं असतं. पण मुलाखतीत हे विचारा: पहिले किती आठवडे माझ्यासोबत अनुभवी नर्स असेल? रात्रपाळी एकटीला कधीपासून? उत्तर 'पहिल्याच आठवड्यापासून' असं आलं तर उठून या. नवख्यांसाठी जनरल मेडिसिन किंवा सर्जरीचा वॉर्ड मला सगळ्यात बरा वाटतो, तिथे सगळं थोडंथोडं दिसतं. अतिदक्षता विभाग थेट घ्यायचा असेल तर काही महिन्यांचं रीतसर प्रशिक्षण तिथे आहे का, ते आधी पाहा.

आणि नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख आजच फोनमध्ये टाका, तीन महिने आधीच्या गजरासह.